क्लस्टरचा कॉलम मागणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

आमच्या सर्वेक्षणातला एक तक्ता: 600 घरं, काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध तपासणारा आकडा) 7.2, पी-व्हॅल्यू (संबंध नसतानाही निव्वळ योगायोगानं एवढा मोठा आकडा येण्याची शक्यता) 0.007. एवढं बघून आधीच्या सल्लागारांनी ‘सिग्निफिकंट आहे, द्या छापायला’ म्हणून हात झटकले होते. तुम्ही तक्ता उघडायच्या आधी एकच गोष्ट मागितलीत: क्लस्टर नंबरचा, म्हणजे घर कुठल्या वस्तीतलं ते सांगणारा कॉलम. विश्लेषणाला लागत नाही म्हणून तो फाइलमधून काढायला त्यांनीच सांगितलं होतं. तुम्ही कुणाला नावं ठेवली नाहीत, मूळ फॉर्मवरून तो पुन्हा भरून घेतलात. आभार मानायचे आहेत ते सगळ्यात आधी त्या कॉलमसाठी.

कार्ल पिअर्सनची 1900 सालची काय-स्क्वेअर चाचणी प्रत्येक नोंद सुटी, स्वतंत्र धरते. एका वस्तीतली 20 घरं तशी नसतात. पाणी एकच, रस्ता एकच, माहिती भरून घेणारा माणूसही बहुधा एकच. इंट्राक्लास कोरिलेशन, म्हणजे एका वस्तीतल्या घरांमधलं साम्य, फक्त 0.1 असलं तरी डिझाइन इफेक्ट (या साम्यामुळे अनिश्चितता किती पट वाढते तो आकडा) 1 + 19 × 0.1 म्हणजे 2.9 होतो. 30 वस्त्यांतली 600 घरं सुट्या 207 घरांच्या तोलाची उरतात. 7.2 ला 2.9 ने भागलं की 2.5 च्या आसपास, सिग्निफिकंट ठरायला लागणारी 3.84 ची वेस (5 टक्के पातळीची) तिथे लांबच राहते. त्यातही हीच तपासणी एफ-चाचणीनं केली, की वस्त्यांची थोडी संख्याही हिशोबात येते: वस्त्या 30 म्हणून छेदाचे डिग्रीज ऑफ फ्रीडम (सुट्या माहितीची मोजदाद) 29, आणि वेस 4.18 पर्यंत सरकते.

आणि आधी मिळालेला सल्ला काय, तर प्रत्येक वस्तीत 20 ऐवजी 40 घरं घ्या! डिझाइन इफेक्ट 4.9 होतो, 1200 घरांची किंमत 245. दुप्पट पायपीट करून 38 घरं पदरात. तेवढीच 600 घरं 60 वस्त्यांतून दहा-दहा घेतली असती तर 316. माणसांना उन्हातान्हात फिरवायच्या आधी एवढं गणित कुणीतरी करायला हवं होतं.

तुमचा खरा सच्चेपणा मला पुढे दिसला. 2.9 ने सरसकट भागू नका, हेही तुम्हीच बजावलंत. आपल्या तक्त्यातली एक गोष्ट, पाण्याची योजना, वस्तीभर एकच, म्हणून इथे पूर्ण फटका बसतो. एखाद्या तक्त्यातल्या दोन्ही गोष्टी घरागणिक बदलत असतील तर त्या तक्त्याचा डिझाइन इफेक्ट 1 च्या जवळही येतो, आणि जास्त कापलं तर खरा संबंधही हातचा जातो. म्हणून राव आणि स्कॉट यांची (1981 आणि 1984 ची) दुरुस्ती: ती डिझाइन इफेक्ट त्या तक्त्यातूनच काढते. तिचंच दुसऱ्या पायरीचं, सॅटर्थवेट पद्धतीचं रूप मोठ्या तक्त्यात वापरायचं, कारण तिथे वेगवेगळ्या रकान्यांचे हे इफेक्ट एकमेकांपासून फार वेगळे असू शकतात. त्याऐवजी वापरली जाणारी वाल्ड चाचणी वस्त्या थोड्या आणि रकाने जास्त असले की डळमळते. वेट्सची (नमुन्यातली एक नोंद लोकसंख्येतल्या कितींच्या जागी धरायची त्या आकड्यांची) बेरीज लोकसंख्येएवढी ठेवून साधा काय-स्क्वेअर काढला तर जवळपास काहीही सिग्निफिकंट ठरतं, हे तर कुणी सांगतच नाही.

नको असलेलं उत्तर सौजन्यानं आणि आकड्यानिशी सांगणारी माणसं फार थोडी. तुमच्यामुळे अहवालातल्या प्रत्येक तक्त्याखाली आता वस्त्यांची संख्या, डिझाइन इफेक्ट आणि दुरुस्त एफ छापलं जातंय. मनापासून धन्यवाद, मॅडम.