डबल डिलाईट गुलाबाच्या नावाने आलेला रानटी खुंट, आणि तो वाढवायला सांगणारे तुमचे माहितीपत्रक

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन रोपविक्री विभाग

विषय : कलमी गुलाब म्हणून विकलेल्या रोपांतील मेलेले डोळे (कलमाचे अंकुर), चुकीची जात आणि सोबतच्या माहितीपत्रकातील घातक सल्ला

महोदय,

गेल्या जुलैमध्ये मी आपल्या संकेतस्थळावरून चार कलमी गुलाब मागवले. दोन ‘डबल डिलाईट’, एक ‘पापा मिलँड’ आणि एक ‘क्वीन एलिझाबेथ’. प्रत्येक रोपाला ४४९ रुपये, कुरिअरचे पैसे वेगळे. बिलाची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत. क्वीन एलिझाबेथबद्दल माझी तक्रार नाही. रोप निरोगी आले, वाढले आणि नावाप्रमाणे गुलाबी फुलले. तक्रार बाकीच्या तीन रोपांची आहे, आणि त्याहून मोठी तक्रार तुम्ही ग्राहकांना जे करायला सांगता त्याची आहे.

डबल डिलाईटची दोन्ही रोपे आली तेव्हा कलमाच्या जोडावर प्लॅस्टिकची पट्टी आवळलेली होती. ती सोडवावी का, असे मी त्याच आठवड्यात तुमच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारले. ‘हात लावू नका, आपोआप गळून पडेल,’ असे उत्तर मिळाले. पट्टी गळली नाही. मातीलगत, जोडाच्या खालून मात्र तकतकीत हिरवे फुटवे निघाले. तुमच्या रंगीत माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापले आहे : ‘बुडातून येणारे जोमदार फुटवे राखा. पहिले वर्षभर कात्री लावू नका.’ फोनवरच्या मुलीनेही तेच सांगितले, वर एका देठावर सात पाने असलेली फांदी हे रोप खूश असल्याचे लक्षण आहे अशी माझी समजूत घातली.

आज ते फुटवे माझ्या डोक्याच्या वर गेले आहेत. वेताच्या छडीसारखे लांब, लवचिक, आणि एकालाही कळी नाही. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात आम्ही कोल्हापुरात गुलाबाची छाटणी करतो आणि साधारण दीड महिन्यात बाग फुलते. या वर्षीही माझी जुनी झाडे तशी फुलली. ही दोन तेवढी नुसती पाला वाढवत राहिली.

शिरोळकडच्या पॉलिहाऊसमध्ये डोळे भरण्याचे काम केलेले आमचे एक पाहुणे डिसेंबरात घरी आले होते. त्यांनी पट्टी कापली आणि नखाने साल खरवडून दाखवली. डोळा काळा पडून वाळून गेलेला होता. पट्टीने खोडाला खोल वळ पाडला होता. जोडाच्या वर जिवंत काहीच नव्हते. जे वाढले ते सगळे खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या रानटी गुलाबाचे.

हे तुमच्या कंपनीतल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे, तरी लिहिते. रानटी गुलाबाच्या सालीत चीर देऊन हव्या त्या जातीचा डोळा बसवतात आणि पट्टीने बांधतात. तीन-चार आठवड्यांत डोळा धरला, की खुंटाचा वरचा भाग छाटतात, म्हणजे मुळांचा सगळा रस त्या एका डोळ्याला मिळतो. डोळा मेला असेल, तर तोच रस खुंटाच्या स्वतःच्या डोळ्यांना जातो आणि रानटी गुलाब उभा राहतो. डोळा जिवंत असला तरी खालची फूट राखली तर हळूहळू तीच वरचढ होते आणि कलम उपासमारीने मरते. म्हणून जोडाच्या खालचा फुटवा दिसला की काढायचा. तोही कात्रीने वरवर कापायचा नाही, कारण बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून दुप्पट फुटवे येतात. माती बाजूला करून तो जिथून निघाला तिथून ओढून काढायचा. तुमचे माहितीपत्रक नेमके याच्या उलट सांगते. जोडाच्या वर की खाली, एवढा एक शब्दही त्यात नाही.

केवळ सात पानांवरून मी हा आरोप करत नाही. ‘पाच पानांचा तो कलमी, सात पानांचा तो रानटी’ असे लोक सांगतात, पण काही चांगल्या बागेतल्या जातींनाही सात पाने येतात, त्यामुळे तेवढा पुरावा पुरत नाही. फोटोत पानाच्या देठाच्या बुडाशी असलेली उपपर्णे, म्हणजे छोटी पानासारखी पाती, पाहा. ती झालरीसारखी कातरलेली आहेत, आणि ही खुंट म्हणून वापरतात त्या रोझा मल्टिफ्लोरा या रानटी गुलाबाची ओळख आहे. फांद्यांवर काटे जवळपास नाहीत, डबल डिलाईट तर चांगलाच काटेरी असतो. फुटवा खोडावर कुठून निघाला आहे तेही फोटोत स्पष्ट दिसते.

डिसेंबरात हे सगळे कळवल्यावर तुमचे पहिले उत्तर आले, ‘पाणी जास्त झाल्याने कलम खराब झाले असावे.’ माझे घर कसबा बावड्यात आहे. इथली माती काळी, पाणी धरून ठेवणारी, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणूनच माझे वाफे जमिनीपासून उंच आहेत, त्यांत मुरूम, लाल माती आणि कुजलेले शेणखत आहे, वर उसाच्या पाचटाचे आच्छादन आहे. त्याच वाफ्यात स्थानिक रोपवाटिकेतून आणलेला जुना ग्लॅडिएटर आणि गुलकंदाचा गावठी गुलाब फुलतो आहे. तुमचीच क्वीन एलिझाबेथ तिथेच उभी आहे. पाणी एका नळाचे, खत एका ढिगाचे. मग मेले तेवढे डोळेच कसे? आणि जास्त पाण्याने मुळे कुजतात. या रोपांची मुळे इतकी धडधाकट आहेत की त्यांनी पुरुषभर उंचीच्या फांद्या पोसल्या आहेत.

तुमचे दुसरे उत्तर जास्त खटकले. कळ्या येण्यासाठी पोटॅश आणि बुरशीनाशकाचा तुमचाच संच विकत घ्यावा, असा तो सल्ला होता. कितीही पोटॅश घातले तरी खुंटाला डबल डिलाईटचे फूल येणार नाही. रोगाचे नावनिशाण नसलेल्या झाडावर बुरशीनाशक फवारायला सांगणे ही ग्राहकाची फसवणूक आहेच, शिवाय ज्या अंगणात मुले खेळतात तिथे विनाकारण विष टाकायला लावणे आहे.

पापा मिलँडची गोष्ट वेगळी. ते कलम जगले, फुललेही, पण तो पापा मिलँड नाही. १९६३ साली फ्रान्सच्या मेयाँ घराण्याने बाजारात आणलेला हा गुलाब काळपट मखमली लाल रंगासाठी आणि दाट सुगंधासाठी जगभर ओळखला जातो. भुरी आणि काळे ठिपके त्याला लवकर पछाडतात, फुलेही मोजकीच येतात. तरी लोक तो जपतात ते त्या वासासाठी. माझ्याकडे आलेले फूल भडक लाल आहे आणि त्याला वासच नाही. सकाळी, दुपारी, उमलताना, उमलल्यावर, सगळ्या वेळी घरातल्या सगळ्यांनी वास घेऊन पाहिला. लाल तर लाल, काय बिघडले, असे तुमच्या प्रतिनिधीने म्हणावे याचे मला फार वाईट वाटले. गुलाब लावणारा माणूस नाव वाचून रोप घेतो. डबल डिलाईटची साय-पांढरी पाकळी उन्हाने कडेकडून लाल होत जाते, ते पाहण्यासाठीच तो लावायचा असतो. मी पावसाळा, छाटणी आणि अख्खा हिवाळा या रोपांना दिला, तो हंगाम परत येत नाही.

तुम्ही देऊ केलेले २०० रुपयांचे कूपन मला नको. ‘जिवंत रोपे परत घेतली जात नाहीत’ ही तुमची अटही इथे चालणार नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेणे वा पैसे परत करणे नाकारता येत नाही. तीन रोपांचे १,३४७ रुपये आणि त्यांच्या वाट्याचा कुरिअर खर्च मूळ खात्यात जमा करावा.

पैशांइतकेच महत्त्वाचे माझ्या दृष्टीने दुसरे काम आहे. ते माहितीपत्रक ताबडतोब बदला, जोड कुठे असतो याचे चित्र छापा, आणि ज्या ज्या ग्राहकांना ते गेले आहे त्यांना संदेश पाठवून खालचे फुटवे काढायला सांगा. अनेकांची कलमे अजून जिवंत असतील, त्यांना वेळेत कळले तर ती वाचतील. यापुढे पट्टी सोडून, डोळ्यातूनच फूट आली आहे हे पाहून मगच रोप पेटीत भरावे, आणि पाटीवर जातीसोबत खुंटाचेही नाव लिहावे.

तिन्ही रोपे मी उपटलेली नाहीत. तुमच्या माणसाने येऊन पाहावीत, मी जोड उघडा करून दाखवीन. त्याच नियमांनुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करणार आहे. उत्तर फोनवर नको, लेखी पाठवावे.

कळावे,

आपली ग्राहक,
कसबा बावडा, कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, जोडाचे व उपपर्णांचे फोटो, माहितीपत्रकाची प्रत, आपल्याकडून आलेली दोन्ही उत्तरे