गाडी स्टार्ट होत नाही म्हणजे नेमकं काय होत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरातली गाड्यांची पुरवणी आली की मी आधी तीच उघडतो. नवीन मॉडेल, मायलेज, फीचर्स सगळं छान असतं, पण मागे एकदा बाईक स्टार्ट होत नसेल तर काय करायचं यावर छोटा लेख आला होता आणि त्यात प्लग साफ करा, बॅटरी बदला, एअर फिल्टर बदला, नाहीतर मेकॅनिककडे न्या एवढंच होतं. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. त्यातलं काही चुकीचं होतं असं नाही, पण मुळातला प्रश्नच कोणी विचारला नव्हता, की गाडी स्टार्ट होत नाही म्हणजे नेमकं काय होतंय? सेल्फ दाबल्यावर काहीच होत नाही, का नुसतं टक टक वाजतं, का इंजिन मस्त फिरतंय पण पकडत नाही? आणि हे सकाळी गाडी थंड असताना होतं का लांबून आल्यावर गरम असताना? एवढं विचारलं तरी निम्मा फॉल्ट सापडतो, आणि विचारलं नाही तर एकेक पार्ट बदलत बसायचं, जे माझ्या गाडीचं झालं.

माझ्या बाईकचा सेल्फ हळूहळू मंद व्हायला लागला होता. बटण दाबलं की घर्र करून अर्धा फेरा आणि मग टक्क. गॅरेजमध्ये नेली तर बघताक्षणी बॅटरी गेली म्हणून सांगितलं, नवी टाकली, आठ दिवस बरी चालली आणि परत तेच. मग सेल्फचा रिले (बटण दाबल्यावर मोटरला करंट जोडून देणारा स्विच) बदलला. मग सेल्फची मोटर खोलून आतले कार्बन (मोटरला करंट पोचवणारे घासणारे तुकडे) बदलले. तीन चकरा झाल्या आणि गाडी होती तिथेच. मेकॅनिक प्रामाणिक माणूस आहे, कामात हात चांगला आहे, पण एकदाही व्होल्ट मोजायचा मीटर लावला नाही.

शेवटी मी साधा मल्टीमीटर आणला आणि स्वतःच बसलो. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. सेल्फ दाबून धरला तर बॅटरीच्या टर्मिनलवर ११ च्या आसपास, म्हणजे बॅटरी लोड घेतेय, तिच्यात दोष नाही (खराब बॅटरी सेल्फ दाबला की धाडकन ९ च्या खाली येते). मग मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला आणि लाल वायर इंजिनच्या एका उघड्या बोल्टला लावली आणि परत सेल्फ दाबला. तिथे खरं तर जवळजवळ शून्य दिसायला पाहिजे, कारण मायनस आणि इंजिनची बॉडी एकाच जाड वायरने जोडलेली असते, पण दिसले २ व्होल्टच्या वर! म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजमधले दोन व्होल्ट अर्थिंगच्या वाटेतच खाल्ले जात होते आणि सेल्फपर्यंत पोचतच नव्हते. वायरचा माग काढत गेलो, बॅटरी बॉक्सच्या खाली जिथे ती बोल्टने बसवलेली असते तिथल्या रिंगवर हिरवट पांढरी पावडर साचलेली होती आणि बोल्ट हाताने हलत होता. पॉलिश पेपरने रिंग आणि खालची जागा चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट टाइट केला, वरून व्हॅसलिन लावलं. वीस मिनिटांचं काम. पहिल्या बटणाला गाडी चालू, आणि मीटरवर आता ०.१ च्या आसपास.

हे एवढं सविस्तर लिहिलं कारण बऱ्याच लोकांचं असंच होत असणार. सेल्फ नुसता टक टक करतो म्हणजे बॅटरी गेली असंच सगळे धरून चालतात, पण सैल किंवा गंजलेलं टर्मिनल अगदी तसाच आवाज काढतं. नवीन बॅटरी टाकताना टर्मिनल साफ होतात, टाइट होतात, म्हणून काही दिवस बरं वाटतं आणि मग वाटतं नवीन बॅटरीच खराब निघाली. बॅटरी वारंवार उतरत असेल तर चार्जिंग बघा. इंजिन चालू करून रेस थोडी वाढवली की टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट आले पाहिजेत. नाही आले तर स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) नाहीतर रेक्टिफायर (ती वीज बॅटरीला चालेल अशी करणारा भाग), त्यात बॅटरीचा काय दोष. आणि बटण दाबून काहीच होत नसेल, टक सुद्धा नाही, तर सगळ्यात आधी किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, क्लच लिव्हरखालचा स्विच आणि न्यूट्रलचा दिवा बघा. हसू नका, किल स्विच ऑफ राहिलेला असतो आणि लोक गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेतात.

आता इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही हा दुसरा प्रकार. इथे सेल्फ मारत बसून बॅटरी संपवू नका, प्लग काढून बघा. प्लग ओला आहे का कोरडा एवढ्या एका गोष्टीवरून रस्ता कळतो. ओला आणि पेट्रोलचा वास येतोय म्हणजे पेट्रोल पोचतंय, मग प्लगला करंट येत नाही, म्हणजे ठिणगी पडत नाही, किंवा पेट्रोल ओव्हर झालंय, म्हणजे गरजेपेक्षा जास्त आलंय. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाहीये. ओव्हर झालं असेल तर प्लग पुसून वाळवा, चोक बंद करा, एक्सलरेटर पूर्ण उघडून किक मारा, बऱ्याचदा पकडते. करंट बघताना प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवून ठेवायचा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि ठिणगीने ती पेटू शकते. कॅप हातात धरून ठेवू नका, शॉक जोरात बसतो.

पेट्रोल पोचत नसेल तर कार्बोरेटरवाल्या गाडीत खालचा ड्रेन स्क्रू ढिला करा. पेट्रोल येतं का, त्यात पाण्याचे थेंब दिसतात का. गाडी बरेच महिने उभी असेल तर पेट्रोल शिळं होतं, चिकट होतं आणि पायलट जेटचं (कार्बोरेटरमधला कमी रेसला पेट्रोल देणारा बारीक भाग) केसाएवढं भोक बुजतं, मग गाडी चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं, आणि टाकीच्या तळाचंच आधी कार्बोरेटरमध्ये येतं. इंजेक्शनवाल्या गाडीत चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची बारीक घुंईं ऐकू आली पाहिजे. नाही आली तर फ्यूज, रिले, पंप ह्या क्रमाने बघा, इंजेक्टर खोलायला घाई नको.

माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार म्हणजे गाडी सकाळी एका किकला चालू, पण गरम होऊन बंद पडली की अर्धा तास घाम काढते. ह्यात तीन गोष्टी बघायच्या. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा, हवा आत जाण्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, आत व्हॅक्यूम होऊन पेट्रोल खाली येत नव्हतं. गरम असताना प्लगला करंटच नाही आणि थंड झाल्यावर परत येतो, तर पल्सर कॉइल (ठिणगी कधी पाडायची त्याचा इशारा देणारी) किंवा इग्निशन कॉइल (प्लगला जोरदार करंट देणारी). आणि ह्या दोन्ही नसतील तर टॅपेट, म्हणजे वाल्व दाबणारा भाग, ज्याच्यात आणि वाल्वमध्ये थोडी गॅप ठेवलेली असते. वाल्व आपल्या सीटमध्ये हळूहळू खाली बसत जातो तशी टॅपेटची गॅप कमी होते, आणि इंजिन गरम झाल्यावर ती संपलीच तर वाल्व पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन लीक होतं, रेस बसते, गाडी गरम असताना उचलत नाही. लोकांना टॅपेटचा टिक टिक आवाज आला की काळजी वाटते, खरं तर थोडा वाजणारा टॅपेट बरा आणि एकदम गप्प झालेला टॅपेट वाईट. असाच चालवत राहिला तर एक्झॉस्टचा वाल्व जळतो. गॅप इंजिन पूर्ण थंड असतानाच, पिस्टन कॉम्प्रेशनला वर असताना मोजायची, आणि आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यायचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात हिशोब असतो तिथे अंदाज चालत नाही.

धुराबद्दल थोडक्यात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा फिल्टर चोंदलाय, आणि थंडीत सुरुवातीला दोन मिनिटं पांढरट वाफ आली तर ते पाणी आहे, घाबरू नका. आवाज टिक टिकच्या ऐवजी खालून जड ठक ठक येत असेल, तोही लोड घेतल्यावर, तर तिथेच बंद करा आणि ऑइल लेव्हल बघा. आणि हे सगळं बंद शटरच्या आत इंजिन चालू ठेवून करू नका, सायलेन्सरमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की पुरवणीत अर्धं पान ह्यासाठी द्या, आणि वाचकांचे प्रश्न घेताना त्यांच्याकडून आधी थंड का गरम, सेल्फ फिरतो का नाही, प्लग ओला का कोरडा हे लिहून घ्या, मगच उत्तर छापा. गॅरेजमध्ये जाणाऱ्यांनीही बॅटरी बदला असं सांगायच्या ऐवजी गाडी काय करते तेच सांगावं, आणि मीटर लावून दाखवायला सांगावं. मला पहिल्याच दिवशी हे सुचलं असतं तर माझी जुनी बॅटरी अजून गाडीत असती. ती मी टाकून दिली नाहीये, काल मोजली, १२.५ व्होल्ट आहे.

आपला,
एक नियमित वाचक