तांबूच्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या कुत्र्याची, तांबूची, डॉक्सी या अँटिबायोटिकची शेवटची गोळी झाली. २८ दिवसांत एकही चुकवली नाही, तुम्ही सांगितलंत तशी भरल्या पोटीच दिली. दवाखान्यात मागे रांग असते, नीट बोलता येत नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमच्याकडे आलो तो श्रावणातला शनिवार. त्याच्या दोन दिवस आधी उपवनला तळ्याकाठी पळता पळता तांबू मटकन खाली बसला. सात महिन्यांचं पिल्लू! एका दवाखान्यात 'हार्टमध्ये मर्मर, म्हणजे ठोक्यांमध्ये जादा आवाज आहे, जन्मजात असणार, फार आशा ठेवू नका' एवढंच सांगून आम्हाला घरी पाठवलं. माझ्या बाबांची स्वतःची बायपास झालेली आहे. त्या रात्री ते जेवले नाहीत.

तुम्ही घाई केली नाहीत. आधी जमिनीवर बसून तांबूला तुमचा हात हुंगू दिलात. मग दोन्ही बाजूंनी बराच वेळ छाती ऐकलीत आणि स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावलात. लब आणि डबच्या मध्ये बारीकसं 'फुस्स'. सहापैकी दुसऱ्या ग्रेडचा आवाज, म्हणालात. लहान पिल्लांत असा असू शकतो, पण या वयापर्यंत तो बहुधा जातो. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्यात. पांढुरक्या. पुढच्या पायाच्या बोटांच्या बेचकीतून एक टम्म फुगलेली गोचीड काढून दाखवलीत. मी त्याला रोज ब्रश करते, पण तिथे कधी पाहिलंच नव्हतं.

हिमोग्लोबिन ६.८ निघालं, खूपच कमी, आणि टिक फीव्हर, म्हणजे गोचिडीमुळे होणारा ताप. रक्त पातळ झालं की ते हृदयातून जोरात धावतं, त्यानेही असा आवाज येतो, हे तुम्ही बाबांना कागदावर चित्र काढून समजावलंत. तरी 'अंदाजावर सोडायचं नाही' म्हणत टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायला लावलंत. झडपा, पडदे, सगळं ठीक. तो रिपोर्ट बाबांनी स्वतःच्या फाइलीत लावलाय.

आणि ती वही! झोपेतले श्वास मिनिटभर मोजून लिहा, सारखे ३० च्या वर जायला लागले तर रात्रीसुद्धा फोन करा, म्हणालात. नुसतं घाबरून बसलेल्या आम्हाला तेवढं काम मिळालं. बाबा घड्याळ घेऊन तांबूशेजारी बसायचे. पोट वर, पोट खाली, एक. २८, २६, २७. एकदा ३४ झाले तेव्हा मी तुम्हाला रात्री दोनला उठवलं. 'पाय हलतायत का? स्वप्नात असेल. थांबा, मी फोनवर आहे, परत मोजा.' २५.

काल तपासलंत तेव्हा हिमोग्लोबिन १२.४ होतं. तुम्ही काही न बोलता स्टेथोस्कोप पुन्हा माझ्या कानाला लावलात. नुसतं लब-डब. मला तिथे बोलता आलं नाही, मॅडम. मनापासून आभार.

गोचिडींच्या औषधाची तारीख कालनिर्णयवर लिहिली आहे, बेचक्या रोज बघते. बाबांनी वही अजून बंद केलेली नाही. काल रात्री २०.

तुमची,
तांबूची आई
वर्तकनगर, ठाणे