आत्या, आज्जीचं माहेर नेमकं कुठलं?

टोरांटो

प्रिय आत्या,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला पण सगळं एका दमात सांगता येत नाही, म्हणून म्हणलं सरळ पत्रच लिहावं. तुझ्या नातीला मोठ्यानं वाचून दाखवायला सांग, गडबड करू नको म्हणावं.

2023 ला निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदेंची समिती नेमली, तेव्हा आख्ख्या मराठवाड्यात घरोघरी जुन्या पेट्या उघडल्या. तसं काकांनी पण अण्णांची लोखंडी पेटी उघडली. त्यांना पाहिजे ते सापडायचं तेव्हा सापडेल, पण त्यांनी सगळ्या कागदांचे फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवले आणि तेव्हापासून रात्री पोरं झोपली की मी तेच बघत बसतो. अण्णा आणि आज्जी कसे जगले ते मला कळायला पाहिजे, आणि आता ते सांगणारी तू एकटीच उरलीस.

सगळ्यात जुना कागद उर्दूत आहे. आमच्या बिल्डिंगमधे मूळचे हैदराबादचे एक चाचा राहतात, शाळा सगळी उर्दूत झालेली, त्यांनी बसून वाचून दिला. वर साल 1347. ते म्हणले हे फसली साल, निजामाच्या कारभारात हेच चालायचं, वर्ष ऑक्टोबरात बदलायचं आणि महिना खुर्दाद लिहिलाय म्हणजे आपला एप्रिल 1938 धर. गहाणखत आहे ते. अण्णांनी विहिरीकडचं रान दोनशे रुपये हालीला गहाण ठेवलं. हाली म्हणजे निजामाचा रुपया, सात हाली दिले की सहा कलदार यायचे, म्हणजे इंग्रजी पैशात एकशे सत्तर-एकाहत्तर. एप्रिलमधे शेतकऱ्याला एवढा पैसा कशाला लागतो, एकतर लग्न नाहीतर बैल. माझा अंदाज असा की ते अण्णा-आज्जीचं लग्नच असावं, कारण तू 1942 ची आणि तुझ्या आधी दोन लेकरं गेली असं आई सांगायची. बरोबर का? तुला माय कधी बोलली का त्याच्याबद्दल?

त्या कागदावर अण्णांचा अंगठा आहे. पण पेटीत 1958 चं मराठीतलं खरेदीखत आहे त्याच्यावर सही आहे, पूर्ण नाव, वेलांट्या एकदम नीट काढलेल्या. आम्हाला तर कायम सांगितलं की अण्णा तिसरी शिकलेले. तिसरी शिकलेला माणूस 1938 ला अंगठा का देईल? मला वाटतंय ते नंतरच शिकले. रझाकारांच्या काळात ते हद्द ओलांडून बार्शीकडं कॅम्पात होते हे तर सगळ्यांना माहीत आहे, बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर, आधी इंग्रजांकडं आणि 47 नंतर भारतात होती म्हणून कळंब-परांड्याची माणसं तिकडं जायची, आणि 13 सप्टेंबर 1948 ला भारताच्या फौजा आल्यावर पाच दिवसांत सगळं संपलं तेव्हा परत आले. तिथं कॅम्पात शिकलेली पोरं होती, कुणीतरी शिकवलं असंल. ही गोष्ट कुणी कधी सांगितली नाही ह्याचंच मला नवल वाटतं. मोठ्या वयात, पाठीमागं घरदार उघड्यावर टाकून आलेला माणूस अक्षर गिरवत बसतो ही लई मोठी गोष्ट आहे आत्या. अण्णा पाटीवर गिरवत बसलेले तुला आठवतात का?

आणखी एक. गहाणखतावर साक्षीदार म्हणून शेजारच्या मुसलमान घरातल्या माणसाचं नाव आहे. चाचांनी ते नाव वाचलं आणि थांबले, मग विचारलं हे लोक पुढं कुठं गेले. त्यांच्या घरात 48 सालच्या आठवणी वेगळ्या आहेत. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे त्या फौजा आल्यावर, उस्मानाबाद जिल्ह्यात मुसलमानांची लई माणसं मारली गेली, सरकारनं चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं जे चार जिल्हे सगळ्यात वाईट सांगितले त्यात आपला एक. आपल्या घरी फक्त रझाकारांचं सांगायचे, ते खरंच होतं, पण हे पण खरं आहे. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस, त्या घराचं काय झालं आठवत असंल तर सांग, मला चाचांना खरं उत्तर द्यायचंय.

आता आज्जीचं. 1954-55 च्या खासरा पाहणीची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काकांनी तहसीलमधून काढली, त्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र, पीक, अण्णांचं आणि चुलत्यांचं नाव, सगळं आहे, आज्जी नाही. ज्या रानात तिनं जन्मभर खुरपलं त्या रानाच्या एकाही कागदावर ती नाही. तिचं नाव मला पहिल्यांदा कुठं दिसलं माहीत आहे का, तर अण्णा गेल्यावरच्या फेरफारात, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदीत, वारस म्हणून, नावापुढं भ्र. म्हणजे भ्रतार आणि अण्णांचं नाव. 1956 चा वारसा कायदा होता म्हणून तेवढं तरी लिहिलं. तिच्याखाली बाबा, काका, तू आणि धाकटी आत्या. आणि त्याच्या पुढच्याच फेरफारात तुम्हा दोघींची नावं हक्कसोडपत्रानं कमी. तुझी सही आहे त्यावर. तू कधी त्याबद्दल बोलली नाहीस, आणि आमच्यातल्या कुणी विचारलं पण नाही. मला ते बघून वाईट वाटलं, ते तुला सांगितल्याशिवाय राहवंना. सुट्टीत आलो की काकांशी ह्यावर बसून बोलणार आहे, तू नको म्हणू नको.

तर मुद्द्याचं असं. आज्जीचं माहेर मांजरेच्या पलीकडं केजच्या बाजूला होतं एवढंच सगळे सांगतात. गावाचं नाव आणि तिच्या वडलांचं नाव कळलं तर तिकडचा पण खासरा काढता येईल, तिकडं पण निजामच होता, कागद असणार. तिचं लग्नाआधीचं नाव काय होतं ते सुद्धा कुणाला माहीत नाही. तू तिच्या बरोबर जात्यावर बसायचीस, तिच्या ओव्या तुला पाठ आहेत, त्यात भावांची नावं असतील, माहेरच्या गावाचं, देवाचं, वाटेतल्या ओढ्याचं नाव असंल. येरमाळ्याच्या येडाईचं ती म्हणायची ते मला पण अंधुक आठवतंय. कागदावर नाही ते तिथं सापडेल असं मला खरंच वाटतं. तू म्हण, नातीला मोबाईलवर रेकॉर्ड करायला सांग, मधे थांबली, विसरली, परत सुरू केलं तरी चालेल, काही पुसू नका. एका दिवसात होत नाही, रोज थोडं थोडं.

आणि दादा नाशिकला जाणारच आहे तर त्याला म्हणावं त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यात आपल्या गावाचं पान काढायला लाव. अण्णांचे वडील तिकडं गेले होते असं ऐकलंय. फोटो काढू दिला तर काढ, नाही दिला तर लिहून घे, बायकांची नावं असतील तर ती आधी.

इकडं सगळे बरे आहेत. थोरली मराठी वाचायला शिकायली, सध्या फेरफाराच्या फोटोतली नावं लावून वाचायली.

गुडघ्याला तेल लावत जा. गोळ्या चुकवू नको.

तुझा
बाळू

ता. क. रेकॉर्डिंग मोठं झालं तर व्हॉट्सॲपवर तुकडे करून पाठवायला सांग, आणि प्रत्येक ओवीच्या आधी ती कुणासाठी म्हणायची ते बोलून ठेव.