पोराच्या घरासाठी दिलेला पैसा आणि टॅक्सची भीती

मा. संपादक, स.न.वि.वि.

पोराने पुण्यात फ्लॅट बुक केला, म्हणून केळीचे आलेले नऊ लाख त्याला द्यायचे ठरवले, तर गावात एकाने सांगितलं की ५० हजाराच्या वर गिफ्ट दिलं की पोराला टॅक्स बसतो. दोन रात्री झोप नाही आली हो. शेवटी जळगावला सीएकडे गेलो तेव्हा कळलं की ती लिमिट परक्यांसाठी आहे, आईवडील, सख्खे भाऊबहीण, काका-मामा यांनी कितीही दिलं तरी घेणाऱ्याला टॅक्स नाही. चुलतभाऊ, मित्र मात्र यात येत नाहीत.

खरी भानगड रोखीची आहे. आपल्याकडे व्यापारी रोख मोजून देतो आणि आपण तीच पिशवी पोराच्या हातात ठेवतो, पण एका दिवसात एकाच माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेतले, भले सख्ख्या बापाकडून, तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो! म्हणून मी आधी बँकेत भरले, मग आरटीजीएसने पोराच्या खात्यावर पाठवले, गिफ्टचा कागद करून दोघांनी सह्या केल्या, केळी विकल्याच्या पट्ट्या, म्हणजे हिशोबाच्या पावत्याही फाइलला लावून ठेवल्या. आणि सुनेला पैसे दिले, तिने त्यातून घर घेऊन भाड्याने दिलं तर ते भाडं सासऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, हे तर मला माहीतच नव्हतं.

एवढं बाजार समितीच्या फळ्यावर मराठीत लिहून लावा ना.

- एक केळी उत्पादक, रावेर, जि. जळगाव