प्रतीक्षायादीतील रुग्णांच्या मनाचे काय?

मा. संपादक,

ऑगस्टमध्ये अवयवदान दिन आला की दात्यांच्या कुटुंबीयांचे सत्कार होतात, ग्रीन कॉरिडॉरच्या (अवयव वेळेत पोहोचावा म्हणून मोकळ्या केलेल्या रस्त्याच्या) बातम्या छापून येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु यादीत नाव लागल्यापासून फोन येईपर्यंतचा काळ रुग्ण कसा काढतो, याविषयी फारसे लिहिले जात नाही. माझ्या पतींचे नाव मूत्रपिंडासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत आहे, म्हणून हे पत्र.

भेटायला येणारा प्रत्येक जण आधी ‘कितवा नंबर?’ असे विचारतो. ही काही रेशनची रांग नव्हे. रक्तगट, डायलिसिसवर काढलेला काळ अशा निकषांवर प्राधान्य ठरते आणि दाता कधी मिळेल हे कोणीच सांगू शकत नाही. दिवसभराचे पाणी सकाळीच बाटलीत मोजून ठेवणे, मोबाइल कधीही सायलेंटवर न टाकणे, गणपतीला गावी जायचे तरी डायलिसिसचे वार सांभाळणे, हे सारे अंगवळणी पडते. एक विचार मात्र पडत नाही : आपल्याला अवयव मिळायचा म्हणजे कुठल्या तरी घरावर आकाश कोसळायचे. महामार्गावरील अपघाताची बातमी वाचताना क्षणभर आशा वाटते आणि लगेच स्वतःचीच शरम वाटते, हे माझे पती माझ्याजवळही फार उशिरा बोलले. दात्याचा मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचे कार्य कायमचे थांबणे, चार डॉक्टरांची समिती दोनदा तपासणी करून घोषित करते, त्या समितीत प्रत्यारोपण करणारे डॉक्टर नसतात, हे कोणी शांतपणे समजावून सांगितले असते तर त्यांचा बराच भार हलका झाला असता. ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला तेवढा फुकट आणि भरपूर मिळतो.

एका अवयवासाठी कधीकधी एकाहून अधिक रुग्णांना बोलावतात आणि क्रॉसमॅचनंतर (दात्याचा अवयव रुग्णाला जुळतो का, ही रक्ताची तपासणी) एखाद्याला उपाशीपोटी घरी परतावे लागते. वैद्यकीयदृष्ट्या ते अटळ असेलही, पण दुसऱ्या दिवशी त्याची साधी विचारपूस तरी व्हायला हवी.

मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यातील 2011 च्या दुरुस्तीनुसार प्रत्यारोपणासाठी नोंदणीकृत रुग्णालयात समन्वयक नेमणे बंधनकारक आहे. त्यांच्या जोडीला समुपदेशक द्यावा आणि महिन्यातून एकदा, प्रत्यारोपण झालेल्या एखाद्या रुग्णाला बोलावून, प्रतीक्षेतील रुग्ण व नातेवाइकांची बैठक घ्यावी. ती डायलिसिस सेंटरमध्येच ठेवली तर कोणाला वेगळा हेलपाटाही पडणार नाही.

– एक वाचक, कोथरूड, पुणे