कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

आमच्या बेळगाव-खानापूर भागात पुण्या-कोल्हापूरकडच्या एमएच पासिंगच्या सेकंडहँड गाड्या खूप येतात, मीपण गेल्या वर्षी एक 2014 ची पेट्रोल गाडी घेतली. एनओसी बघितली, टायर बघितले, इन्शुरन्स बघितला, पण मीटरमधला तो पिवळा इंजिनचा लाईट बघायचं काही सुचलं नाही.

पावसात जांबोटी सोडून कणकुंबीकडे जाताना चढाला गाडी धक्के मारायला लागली आणि लाईट नुसता पेटला नाही तर लुकलुकायला लागला. मी तशीच दामटत घरी आणली, हे चुकलं. लाईट स्थिर असला तर हळू चालवत गॅरेज गाठता येतं, पण लुकलुकतोय म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, ते सायलेन्सरच्या लाईनमधल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो पार्ट गेला तर खर्च परवडत नाही. गाडी बाजूला घ्यायची.

पहिल्या गॅरेजात स्कॅनर लावला, दोन कोड आले, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे नंबर, पी 0302 आणि पी 0171. दुसऱ्या कोडचा अर्थ मिक्स्चरमध्ये पेट्रोल कमी, मग धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर गेला म्हणून साडेचार हजाराला नवा टाकला. आठ दिवसांत लाईट परत. मग उद्यमबागेकडच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो, ते म्हणाले 0302 म्हणजे एका सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, त्यातला शेवटचा 2 म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर, आधी तो बघूया की. दोन नंबरची इग्निशन कॉईल, म्हणजे ठिणगीसाठी करंट देणारा पार्ट, काढून तीनला लावली, तीनची दोनला, कोड पुसला, एक राउंड मारून आले तर आता कोड 0303! म्हणजे बिघाड कॉईलबरोबर सरकला. कॉईलचं रबर फाटून आत ओल गेलेली. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता, पेट्रोल जळलं नाही तर तिथला ऑक्सिजनपण तसाच बाहेर येतो, तो त्याने दाखवला, त्यावरून कॉम्प्युटरला पेट्रोल कमी वाटलं.

गाडी घेणाऱ्यांनी एवढं तरी बघा, चावी ऑन केल्यावर इंजिन चालू करायच्या आधी हा लाईट पेटलाच पाहिजे आणि चालू केल्यावर विझला पाहिजे. पेटतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी तो बंद करून ठेवलाय. कोड सकाळी पुसून दुपारी गाडी दाखवतात असंही होतं, तेव्हा स्टिअरिंगखालच्या 16 पिनच्या सॉकेटला स्कॅनर लावून रेडिनेस, म्हणजे गाडीने स्वतःच्या टेस्ट पूर्ण केल्यात का, ते बघायला सांगा, तिथे बऱ्याच टेस्ट अपूर्ण दिसल्या तर कोड नुकताच पुसलाय किंवा बॅटरी काढली होती.

आणि गॅरेजवाल्या भावांना हात जोडून विनंती, कोड पुसायच्या आधी तो बिलावर लिहा, कुठली टेस्ट करून पार्ट बदलला ते लिहा आणि काढलेला पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्या. माझा जुना सेन्सर चांगला होता, मागायला गेलो तेव्हा तो भंगारात गेला होता.

आपला,
एक वाचक, खानापूर